फळ्यावरचं ३३६

एम.एस्सी.ला कणभौतिकी शिकवताना मॅग्नेटिक मोमेंटचा, म्हणजे एखादा कण किती ताकदीचा चुंबक आहे त्या मापाचा, तास माझा सगळ्यात लाडका. अप आणि डाऊन हे क्वार्क, प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले मूलकण. दोन अप, एक डाऊन म्हणजे प्रोटॉन. दोन डाऊन, एक अप म्हणजे न्यूट्रॉन. त्यांच्या स्पिनची, म्हणजे अंगभूत गिरकीची, मांडणी लिहिली की चार ओळींत न्यूट्रॉन आणि प्रोटॉनच्या मोमेंटचं गुणोत्तर −२/३ येतं. मोजलेलं आहे −०.६८५. इतक्या साध्या हिशेबाला इतकं जवळचं उत्तर मिळावं, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

त्या दिवशी पुढे जाऊन प्रोटॉनच्या मोजलेल्या मोमेंटवरून, २.७९३ वरून, एका क्वार्कचं वस्तुमान काढलं: ३३६ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). दुसऱ्या बाकावरून हात वर आला.

"सर, सोमवारी तुम्ही अपचं वस्तुमान दोन आणि डाऊनचं पाच सांगितलंत. मग हे ३३६ कोणाचं?"

तिने वहीची दोन्ही पानं माझ्यापुढे धरली. दोन्ही आकड्यांभोवती पेन्सिलीचं गोल.

प्रश्न अगदी मुळावरचा होता. नुसत्या तीन क्वार्कांची बेरीज नऊच्या आसपास, प्रोटॉन मात्र ९३८चा. म्हणजे जेमतेम एक टक्का. बाकीची सगळी क्वार्कांच्या धावपळीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनच्या क्षेत्राची ऊर्जा. आपलं मॉडेल तो सगळा पसारा ३३६च्या आत कोंबतं. −२/३ला त्याची झळ लागत नाही, कारण गुणोत्तर घेताना वस्तुमान कटून जातं; उरते ती फक्त मांडणीतली सममिती.

"मग प्रोटॉनचा स्पिनही याच मांडणीतून बरोबर येतो का?"

ते मी पुढच्या महिन्यासाठी ठेवलं होतं. पण आता थांबणं बरं दिसलं नसतं. फळ्यावर लिहिलं: अपचा वाटा ४/३, डाऊनचा −१/३, बेरीज १. म्हणजे सगळा स्पिन क्वार्कांचाच. आणि १९८८ साली सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या ईएमसी नावाच्या संशोधक गटाने, स्पिन एका दिशेला वळवलेल्या प्रोटॉनांवर म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) आदळून काढलेला क्वार्कांचा वाटा इतका कमी, की मोजमापातली चूक धरली तर शून्यही चालला असता. पुढच्या प्रयोगांनी तो तीस टक्क्यांच्या घरात आणला. उरलेला ग्लुऑनचा आणि क्वार्कांच्या फिरण्याचा.

वर्ग गप्प. तास संपला होता, मी डस्टर उचललं.

"सर, ते १ राहू द्या, उतरवायचंय."

यंदा मी दोन्ही गणितं एकाच तासाला, एकाच फळ्यावर शेजारी शेजारी घेतली.