व्हिसा नवऱ्याच्या फोनमध्ये

इंग्लंडमध्ये गरोदर बाईची नोंदणी दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी, अशी अपेक्षा असते. ही बाई लंडनच्या आमच्या क्लिनिकमध्ये आली तेव्हा तिला 29वा आठवडा लागला होता. मी मराठी बोलते म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला, पण विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर सोबत आलेला नवराच देत होता.

उशीर झाला की काय हुकतं? थॅलेसेमियाची तपासणी लवकर हवी, कारण आई वाहक निघाली तर वडिलांचं रक्त तपासून पुढचं ठरवायला वेळ लागतो. व्यंग शोधायची सोनोग्राफी 18 ते 21व्या आठवड्यातली. दोन्ही गेल्या. हिमोग्लोबिन 8.6. नंतर 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पाहिलेली साखर 9.2 (मिलिमोल प्रति लिटर), इथे गरोदरपणात 7.8 ला मधुमेह धरतात.

लघवीचा नमुना द्यायला ती एकटी गेली. आमच्या संडासात दाराच्या आतल्या बाजूला लाल ठिपक्यांचे स्टिकर असतात: घरी त्रास असेल तर एक बाटलीवर लावा. बाटली आली, ठिपका होता. नवऱ्याला फॉर्म भरायला रिसेप्शनवर धाडलं.

"ताई, बिल आलं तर व्हिसा जाईल म्हणतात."

भीती हवेतली नाही. 500 पौंडांवरचं हॉस्पिटलचं बिल थकलं की गृहखात्याला कळवतात आणि पुढचा व्हिसा अडू शकतो. ज्यांना पैसे लागू होतात त्यांनाही बाळंतपणाची सेवा पैशांअभावी नाकारता येत नाही, पण बिल मागाहून दीडपट दराने येतं. हिला मात्र ते लागूच नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर येताना तिचा आरोग्य अधिभार, म्हणजे सरकारी उपचारांसाठी व्हिसासोबतच भरायची रक्कम, वर्षाला 1,035 पौंड, आधीच भरलेला. फक्त तिला ते दाखवता येत नव्हतं. आता व्हिसा ऑनलाइन असतो. तिच्या खात्याला ईमेल नवऱ्याचा, लॉगिनचा कोडही त्याच्याच फोनवर. फॉर्ममधला व्हिसाचा रकाना कोरा राहिला, म्हणून मागे एका हॉस्पिटलने 'शुल्क लागू शकतं' असं पत्र घरी पाठवलं. नवऱ्याने तेच तिच्यापुढे धरलं.

हॉस्पिटलचा परदेशी रुग्णांचा विभाग गृहखात्याकडे थेट खातरजमा करू शकतो. तेवढं करून घेतलं. घरी पत्र नको, अशी नोंद केली. फेब्रुवारी 2024 पासून नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बायकांनाही छळाच्या कारणावरून तीन महिन्यांची वेगळी परवानगी मागता येते, पण ती घेतली की आधीचा व्हिसा संपतो. म्हणून आधी वकील. नंबर तिने फोनमध्ये घेतला नाही, पाठ केला.

पुढची तारीख तिने मंगळवारची मागितली. मंगळवारी त्याची दिवसपाळी असते.