मास्तर, व्हिसावर काय लिहिलंय?

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं शिलाईचं दुकान, अण्णांनी घातलेलं. शर्ट, पॅन्ट, लग्नसराईत सफारी. भिंतीवर २००५ च्या पुराच्या पाण्याची रेघ होती आणि अण्णांनी तिच्या हातभर वर फळी ठोकून घेतली होती. पावसाळ्यात दुकान बंद करताना मशीनची मुंडकी सोडवून त्या फळीवर ठेवायची, हा घरचा शिरस्ता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी त्या फळीच्याही वर गेली. दोन जुकी कंपनीची मशिनं, एक ओव्हरलॉक, एक पायमशीन, गिऱ्हाइकांची कापडं आणि मापाच्या सगळ्या वह्या. वह्यांचा तर लगदाच झाला होता.

दीड वर्ष कर्जावर दुकान रेटलं. शेवटी २०२३ च्या सुरुवातीला ठरवलं, चार वर्षं बाहेर जाऊन यायचं. आमच्याकडे ‘बाहेर’ म्हणजे आखातच. निम्मं कोकण तिकडे राबून आलेलं.

पहिली ठेच लगेच लागली. मुंबईतल्या एका एजंटने फोनवर सांगितलं, “आझाद व्हिसा आहे, पंधरा दिवसांत उडाल.” आझाद व्हिसा म्हणजे कागदावर मालक कोणीतरी एक, आणि तिथे उतरल्यावर काम तुमचं तुम्ही शोधायचं. हे मला नंतर कळलं. आधी मी वीस हजार देऊन बसलो. पंधरा दिवसांनी मोबाइलवर व्हिसाची कॉपी आली. मी खूश होऊन ती गोवळकोटच्या एका चाचांना दाखवायला नेली. हे आमचं जुनं गिऱ्हाईक, कतारमध्ये, दोह्यात बावीस वर्षं काढलेली. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, “मास्तर, पगार राहू दे. व्हिसावर धंदा काय लिहिलाय?”

मी बघितलंच नव्हतं. हमाली लिहिलेली होती.

“म्हणजे शिवणाच्या दुकानात बसलेला सापडलात की चूक तुमचीच,” चाचा म्हणाले. “तिथे व्हिसा माणसाला मिळत नाही. मालकाला मंजुरी मिळते, अमुक देशाचा, अमुक धंद्याचा माणूस आणायची. शिंप्याचं दुकान असेल तोच शिंप्याचा व्हिसा काढेल. तुम्ही दुकान शोधा, व्हिसा शोधू नका.” मग त्यांच्या नातवाने तोच व्हिसा कतारच्या गृहखात्याच्या साइटवर नंबर टाकून तपासला, तर तो तिथे नव्हताच. हमालीचा व्हिसासुद्धा खरा नव्हता! वीस हजार गेले ते गेलेच. एजंटचं ऑफिस बघायला गेलो तर तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान.

त्यानंतर मी शहाण्यासारखा वागलो. ई-मायग्रेट म्हणून सरकारची साइट आहे, तिच्यावर परवानाधारक एजंटांची यादी असते. परवाना चालू आहे की रद्द झालाय, तेही दिसतं. यादीतल्या तिघांना फोन केले. कायद्याने एजंटला जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, म्हणजे ३५,४०० रुपये. हे मी पहिल्याच वाक्यात बोलायचो. दोघांनी फोन ठेवला. तिसरा म्हणाला, “पावती देईन. पण आधी हात दाखवा.”

तेवढ्यात कागदांचा घोळ. मी नववीनंतर शाळा सोडली, त्यामुळे पासपोर्ट ‘ईसीआर’. दहावी पास असतो तर हा शिक्का नसता. ईसीआरवाल्याला आखातात कामाला जायचं तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथे बदलून घेऊ, असं ईसीआरवाल्याला कोणी सांगितलं तर उठून चालू लागावं. दुसरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची. स्वतःचंच दुकान, तर मला दाखला देणार कोण? शॉप अॅक्टचा कागद पुरात गेलेला. शेवटी एजंटकडे गेला तो पुराचा पंचनामा. त्यात सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेलं होतं: शिलाई दुकान, शिलाई मशीन नग इतके, पूर्ण नुकसान. मी शिंपी असल्याचा तेवढा एकच सरकारी पुरावा उरला होता. एजंटने तो दोनदा वाचला आणि फाइलला लावला.

ट्रेड टेस्ट मुंबईत झाली. दोह्याच्या दुकानाचा कटिंग मास्टर स्वतः आला होता, हैदराबादचा, बोटांवर खडूची पांढरी पूड. अठरा जण होतो. प्रत्येकाला थोबची कॉलर, पुढची पट्टी आणि एक कफ शिवायचा, दोन तासांत. थोब म्हणजे तिकडचा पायघोळ पांढरा अंगरखा. लांबून सगळे सारखेच दिसतात, पण शिवणाऱ्याला देश ओळखता येतो. अमिरातीवाल्यांच्या थोबला, ते त्याला कंदुरा म्हणतात, कॉलर नसते, गळ्याशी गोंडा लोंबतो. ओमानींचाही गोंडाच, पण आखूड. कतारी थोबला कडक कॉलर, कफ आणि छातीवर खिसा, म्हणजे जवळजवळ आपला शर्टच. मी मनात म्हटलं, इथे आपलं जमेल.

जमलं, पण घाम फुटला. पांढऱ्या कापडावर चूक लपत नाही. टीप उसवली तर सुईची भोकं राहतात. कॉलर उलटवताना टोक काढायला आपण सर्रास कात्रीचं अणकुचीदार तोंड घालतो. मी घालणार, तेवढ्यात शेजारच्याच्या कॉलरचं टोक फाटलेलं दिसलं. मी कात्री खाली ठेवली, दोरा घालून टोक ओढून काढलं. अण्णांची जुनी सवय, त्यावरून लहानपणी मी त्यांना हसायचो. मास्टर आला, त्याने कॉलर मधोमध दुमडली, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तपासणी एवढीच. अठरातले पाच घेतले.

मग चार महिने काही नाही. मालकाला कतारच्या कामगार खात्याकडून मंजुरी येईपर्यंत इथे बसून राहायचं. या चार महिन्यांवर लिहिण्यासारखं काही नाही. बायकोने मात्र रोज विचारलं.

ऑक्टोबरात मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरची तारीख मिळाली. ही सोय चांगली आहे. मेडिकल, बोटांचे ठसे, डोळ्यांचं स्कॅन आणि कराराची सही, सगळं एकाच छपराखाली, आणि खर्च मालकाचा. करार समोर स्क्रीनवर येतो, आपल्याला कळेल अशा भाषेत. मी हिंदीत मागितला. एजंटने तोंडी सांगितलं होतं: १,८०० रियाल पगार, राहायला खोली, जेवणाचे ३०० वेगळे. स्क्रीनवर पगार १,४०० होता.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “वाचा सावकाश. पटलं तरच सही करा.” माझ्या मागे रांग. एजंटचा पोरगा बाहेर उभा, तो काचेतून सही कर, सही कर अशा खुणा करतोय. कतारात किमान पगार १,००० रियाल आहे, त्यामुळे १,४०० काही बेकायदा नव्हते. त्यांना वाटलं असेल, इथवर आलेला माणूस चारशेसाठी परत फिरत नाही. महिन्याला चारशे रियाल म्हणजे त्या वेळचे नऊ हजार रुपये. माझा बँकेचा हप्ताच साडेआठ हजारांचा. मी धंद्याची ओळ वाचली, ‘दर्जी’ होतं. पगाराची पुन्हा वाचली. आणि सही न करता उठलो.

बाहेर एजंटचा पोरगा जाम तापला. “दुसरा माणूस पाठवतील ते!” मी म्हटलं, पाठवू देत. तोंडाने म्हटलं खरं, पण चिपळूणला परतताना एसटीत पोटात गोळा होता. घरी काय सांगायचं, तेच सुचत नव्हतं. अण्णा तेवढं म्हणाले, “माप चुकलं तर कापायच्या आधी बोलावं, ते तू बोललास.”

अठरा दिवसांनी फोन आला, करार बदललाय, परत या. १,८०० होते. हैदराबादी मास्टरने मालकाला सांगितलं, की पाचांतला हा एक कॉलरवाला हवाच, असं मला तिथे गेल्यावर कळलं. खरंखोटं तोच जाणे.

पुढचं भराभर झालं. ई-मायग्रेटवर एजंटने अर्ज टाकला, दोन वर्षांचा प्रवासी भारतीय विमा काढला (हप्ता २७५ रुपये आणि कर, विमा दहा लाखांचा), एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. तिथल्या सरांनी एक गोष्ट तीनदा सांगितली: पासपोर्ट मालकाकडे ठेवायला द्यायचा नाही, तसा कायदाच आहे तिथे. मंजुरी आली आणि जानेवारी २०२४ मध्ये मी विमानात बसलो. मेडिकल मुंबईतच झालेलं असल्यामुळे तिथे पुन्हा रांगा नव्हत्या.

दुकानात पहिल्या दिवशी माझ्यासमोर जपानी कापडाचा तागा ठेवला, तोयोबोचा. हात लावल्यावर कळलं, एवढं पांढरं आणि एवढं सुळसुळीत कापड मी आयुष्यात कापलेलं नाही. दोन दिवस मला नुसती काजं करायला लावली.

मग रहिवासी कार्ड हातात आलं. धंद्याच्या रकान्यात अरबी अक्षरं. ती मला वाचता येईनात, म्हणून मास्टरला विचारलं. “खय्यात,” तो म्हणाला. “म्हणजे दर्जी.” मी फोटो काढून चाचांना पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं:

“बरं झालं. मार्चात रमजान लागतो. ईदपर्यंत आता झोप विसरा, मास्तर.”