डावीकडून साडेअकरा

भाच्यानं नवी गाडी घेतली आणि पहिल्याच लग्नाला मामा-मामींना न्यायला आला. गाडी जर्मन, काळी, आणि लांबीला एवढी की सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत शिरेना. शेवटी टिळक रस्त्यावर उभी करून त्यानं फोन केला. मी पुढे बसलो, त्याच्या डावीकडे. हिनं आहेराच्या पिशव्या मागच्या सीटवर दोन्ही बाजूंना रचल्या आणि स्वतः मधोमध बसली.

मुहूर्त ११ वाजून ३८ मिनिटांचा. कार्यालय म्हात्रे पुलापलीकडे, डीपी रस्त्यावर. एरवी मी चालत गेलो असतो.

डॅशबोर्डच्या मध्यभागी, एसीच्या दोन जाळ्यांच्या मधे, एक काट्यांचं घड्याळ बसवलेलं होतं. चाळीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाचा डोळा तबकडीकडे आधी जातो, त्याला इलाज नाही. रुपेरी तबकडी, रुपेरी काटे, आकडे नाहीत, नुसत्या बारा रेघा. वाकून बघेपर्यंत अलका टॉकीजच्या चौकात काचेतून ऊन आलं आणि तबकडी, काटे, रेघा सगळं एकच चकाकी होऊन गेलं. ऊन सरकल्यावर दिसलं ते असं : एक काटा सहावर, दुसरा अकरा आणि बाराच्या मधे. आता यातला तासाचा कुठला? लांबीत फरक जेमतेम नखाएवढा. साडेअकरा म्हणावं, की सहाला अडीच मिनिटं कमी? पोटात भूक नव्हती म्हणून सकाळ आहे असं ठरवलं.

"मामा, ते शोभेचं आहे रे. वेळ इथे बघायची," भाचा म्हणाला आणि त्यानं समोरच्या पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे वेळेच्या जागी नकाशातला बाण, कुणाचा तरी मिस्ड कॉल आणि बाहेरचं तापमान होतं. वेळ कुठल्या तरी खिडकीमागे गेली होती.

शोभेचं असायला माझी हरकत नाही. पण शोभेची वस्तूसुद्धा आपलं काम करताना जास्त शोभते. आकडे नसणं हा तर दोषच नव्हे. स्वित्झर्लंडच्या रेल्वे स्थानकांवरचं घड्याळ बघा. हान्स हिल्फिकर नावाच्या अभियंत्यानं ते १९४४ साली बेतलं. त्यातही आकडा एक नाही. पण पांढऱ्या तबकडीवर जाड काळे काटे, एक आखूड नि रुंद, दुसरा लांब, आणि कडेला साठच्या साठ मिनिटांच्या रेघा. धावत गाडी पकडणाऱ्यालाही फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून वेळ कळते. आमच्या गाडीतल्या घड्याळात बारा रेघा, म्हणजे दर पाच मिनिटांना एक. त्यावर ११ वाजून ३८ मिनिटं हा मुहूर्त शोधायचा कसा? पूर्वी लग्नघरात घटिकापात्र असायचं. बुडाला बारीक भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, २४ मिनिटं. ‘घटका भरली’ हे आपण भलत्याच अर्थानं म्हणतो, पण वाटी बुडाली हे मांडवातल्या शेवटच्या म्हातारीलाही दिसायचं. वाचायला सोपं, हे मान्य करायला हवं.

सिग्नल लांबला तसं मी भाच्याला रोल्स-रॉइसचं सांगितलं. १९५८ साली डेव्हिड ओगिल्वी यांनी त्या गाडीची जाहिरात लिहिली : ताशी ६० मैल वेगात या गाडीतला सर्वात मोठा आवाज तिच्या विजेच्या घड्याळाचा. जाहिरात जगभर गाजली, आणि ती वाचून कंपनीचा मुख्य अभियंता मान हलवत म्हणाला म्हणे, की आता त्या घड्याळाचं काहीतरी केलंच पाहिजे. खरा अभियंता! त्या काळात गाडीतल्या बऱ्याच घड्याळांत आत स्प्रिंगच असायची. ती उतरत आली की दोन संपर्कबिंदू चिकटायचे, विजेचा झटका बसून स्प्रिंग पुन्हा ताणली जायची, दर मिनिट-दोन मिनिटांनी. बॅटरी उतरली की झटका पुरा पडायचा नाही, बिंदू चिकटलेलेच राहायचे आणि कॉइल जळायची. जुन्या गाड्यांतली घड्याळं बहुधा बंद का, त्याचं हे एक कारण.

"आणि आता?"

आता क्वार्ट्झ, किंवा गाडीचा कॉम्प्युटर सांगेल तिथे काटा नेणारी इवलीशी मोटर. काही लेक्सस गाड्यांतलं काट्यांचं घड्याळ तर उपग्रहाकडून वेळ घेऊन स्वतःला दुरुस्त करतं. उलट बेंटलीच्या बेंटेगा गाडीत ब्राइटलिंगचं खरंखुरं यांत्रिक घड्याळ मिळायचं, सोन्याचं. त्याला किल्ली बसावी म्हणून गाडी त्याला मधूनमधून जागच्या जागी गरगर फिरवते. किंमत ऐकून भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "माझं बरंय."

शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षांची पोरं गाड्यांची पर्वा न करता चहाला ओलांडत होती. आम्ही इंचाइंचानं पुढे.

"बत्तीस झाले," भाचा घड्याळाकडे बघत घाईला आला. शोभेचं म्हणणाऱ्याचीही नजर तिकडेच जाते, बघा.

"साडेअकरा," मी म्हणालो.

"बत्तीस रे मामा. स्वच्छ दिसतंय."

आणि माझी ट्यूब पेटली. पॅरॅलॅक्स! काटा तबकडीला चिकटलेला नसतो, दोनेक मिलिमीटर वर तरंगतो. उजवीकडून बघणाऱ्याला तो डावीकडे सरकलेला दिसतो, डावीकडून बघणाऱ्याला उजवीकडे. काटा सहाच्या आसपास असला की डावीकडे म्हणजे पुढे. म्हणून चालवणाऱ्याला उशीर झालेला, शेजारच्याला भरपूर वेळ. बाराच्या आसपास हेच उलट. आणि काटा तीनवर किंवा नऊवर असला, की सरकणं त्याच्याच लांबीत जिरून जातं. म्हणजे सव्वाला आणि पावणेला या गाडीत दोघांचं एकमत. मनातल्या मनात गणित केलं : एवढ्याशा तबकडीवर दोघांत मिळून मिनिटभराची तफावत सहज. उरलेली त्या बारा रेघांची देणगी.

आमच्या प्रयोगशाळेतल्या चांगल्या मीटरांना काट्याखाली आरशाची बारीक पट्टी असायची. एक डोळा मिटायचा, काट्याची आरशातली प्रतिमा काट्यामागे लपेपर्यंत डोकं सरकवायचं, मगच आकडा लिहायचा. मुलं दर वर्षी विसरायची. एवढ्या किमतीच्या गाडीत ती पट्टी बसवायला काय झालं होतं? निदान तबकडी काट्यापर्यंत उचलायची.

मी डावा डोळा मिटला, पट्टा ताणला आणि डोकं गाडीच्या मध्यरेषेवर आणायच्या खटपटीला लागलो. गिअरपाशी कोपर आपटलं.

"मामा, काय करतोयस? बरं वाटतंय ना?"

"अहो, सरळ बसा बघू," मागून, दोन पिशव्यांच्या मधून, ही म्हणाली. "एकतीस झालेत. मला इथून नीट दिसतंय. आणि तू पुढे बघ रे, हिरवा पडलाय."