सांडपाण्यातून हवेत किती जातं? माझा अनुभव

बेळगावातल्या एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून विषारी वायू किती सुटतात, याचा अंदाज काढायचं काम उन्हाळ्यात माझ्याकडे आलं. बीओडी-सीओडीच्या (पाण्यातली घाण मोजणाऱ्या चाचण्यांच्या) रिपोर्टांनी फायली भरलेल्या होत्या, पण हवेबद्दल एक कागद नव्हता. आजूबाजूला भातशेती, वस्ती, आणि तिथेच आठ-आठ तास राबणारे कामगार. त्यांच्या श्वासाचा हिशेब कुणीतरी मांडायलाच हवा होता.

पहिली अडचण नमुन्यांची. प्रयोगशाळेनं प्लास्टिकच्या बाटल्या पाठवल्या. त्यात टोल्यूइन, बेन्झीनसारखी सहज उडून जाणारी रसायनं टिकत नाहीत. 40 मिलीच्या काचेच्या कुप्या मागवल्या. त्या काठोकाठ भरायच्या, झाकण लावून उलट्या धरायच्या आणि टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायच्या. मग थेट बर्फात.

हवेत किती गेलं याचा हिशेब पाण्याबरोबर आलेलं वजा बाहेर गेलेलं, एवढ्यावर भागत नाही. मधल्या फरकातलं काही जिवाणू खातात, काही गाळाला चिकटतं, उरलेलं हवेत जातं. समजा रोज 50 लाख लिटर पाणी येतं आणि लिटरमागे 40 मायक्रोग्रॅम टोल्यूइन आहे, तर दिवसाला 200 ग्रॅम झालं. ही कमाल मर्यादा. खरा आकडा त्याच्या खाली. फिनॉल मात्र बहुतेक पाण्यातच राहतं. कोण किती उडणार ते हेन्रीच्या स्थिरांकावरून कळतं, आणि पाणी तापलं की तो वाढतो. म्हणून हिवाळ्यातल्या पाण्याचं तापमान घेऊन मे महिन्याचा अंदाज काढणं मला मुळीच पटत नाही. क्लोरोफॉर्मची गोष्ट आणखी वेगळी: क्लोरीन टाकल्यावर ते केंद्रातच तयार होतं, त्यामुळे तिथे वजाबाकी लागूच पडत नाही.

माझं सगळं लक्ष पाण्यात हवा सोडायच्या टाकीकडे होतं. तिथले जुने ऑपरेटर मामा म्हणाले, "सर, आधी पाणी उंचावरनं पडतंय तिथं बघा की. डोळे चुरचुरतात ते तिथंच." बरोबर होतं. गटारात तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड तिथल्या खळखळाटात सुटतो. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) 7 च्या आसपास असला की विरघळलेल्या सल्फाइडपैकी साधारण निम्मा भाग वायूरूपात सुटण्याजोगा असतो. सामू घसरला की आणखी वाढतो.

अहवालात मी एक आकडा न देता किमान-कमाल पल्ला दिला. पाणी पडतं ती जागा झाकून आतली हवा जैवगाळणीतून (वायू खाणाऱ्या जिवाणूंच्या थरातून) सोडावी, असंही लिहिलं. झाकण उघडण्याआधी गॅस डिटेक्टर लावायची सक्ती त्यात ठळक अक्षरांत घातली, कारण हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं.