१९६४ ची एमजीबी, नोंद चौथी: पट्टीवरचा नंबर आणि पट्टीखालचा ब्लॉक

एमजीबी ही एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार. मागच्या नोंदीत तिचं इंजिन बाहेर काढून स्टँडवर चढवलं होतं. या वेळी पत्रा, रंग, वायरिंग सगळं बाजूला राहिलं. तीन आठवडे एकाच प्रश्नामागे गेले: हे इंजिन या गाडीचं मूळचं आहे का?

कागद बघितले तर हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. बॉनेटखालच्या पट्टीवर गाडीचा नंबर जीएचएन३ ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच हे १४०० ते १९९९ सीसीच्या गटाचं अक्षर, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी, आणि ३ हा मालिकेचा आकडा. एमजीबी थेट ३ पासून सुरू होते, कारण आधीची मालिका एमजीए १६०० ने वापरून झाली होती. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या मूळ नोंदी जपून ठेवल्या आहेत आणि त्यांच्या आधारे हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. माझ्या गाडीचं आलं, त्यात लिहिलंय: ॲबिंग्डनला (एमजीच्या कारखान्यात) बांधणी मे १९६४, इंजिन १८जीए-यू-एच आणि पुढे पाच आकडी क्रमांक.

ब्लॉकच्या (इंजिनच्या मुख्य ओतीव भागाच्या) उजव्या अंगाला, डायनॅमोच्या वर इंजिन नंबरची एक वेगळी छोटी पट्टी असते. तिच्यावर तेलाचा इतका चिकटा होता की आधी लाकडी काडीने खरवडलं, मग रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने हळूहळू घासलं. वायर ब्रश तिथे चुकूनही लावू नका, पातळ पट्टीवरचे अक्षरांचे ठसे क्षणात पुसट होतात. एकेक आकडा वर येत गेला. पाचही आकडे सर्टिफिकेटशी जुळले. त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

हा आनंद का, हे ज्यांनी एमजीबीत हात घातलेत त्यांना कळेल. १९६२ ला गाडी आली तेव्हा इंजिन १८जी होतं. फेब्रुवारी १९६४ मध्ये १८जीए आलं, त्यात क्रँककेसमधली (इंजिनच्या खालच्या पोटातली) वाफ बाहेर न सोडता परत इनटेककडे ओढून घ्यायची सोय झाली. ऑक्टोबर १९६४ मध्ये १८जीबी आलं आणि क्रँकच, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, बदलला: त्याला धरणाऱ्या तीन मेन बेअरिंगच्या जागी पाच. म्हणजे १८जीए जेमतेम आठ महिने बनलं. १७९८ सीसी, ८०.२६ मिमीचा बोअर (सिलेंडरचा व्यास), ८८.९ मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) हे सगळीकडे तेच, पण तीन बेअरिंगचा क्रँक मोकळा फिरतो, आरपीएम चटकन चढवतो, असं ती इंजिनं चालवलेले लोक आजही सांगतात. पाच बेअरिंगचा दणकट, जास्त टिकणारा. मला मात्र तो आठ महिन्यांचा तुकडाच हवा होता.

(बाकी अक्षरांचं नवीन मंडळींसाठी: यू म्हणजे मधल्या दांडीचा गिअरबॉक्स, आरयू असेल तर सोबत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर. एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन, एल म्हणजे लो. नंबर ४८जी ने सुरू होत असेल तर ते कारखान्याकडून बदलून आलेलं गोल्ड सील इंजिन असू शकतं, त्याला मूळ म्हणू नका, पण कमीही लेखू नका.)

शंका आली ती डॅशबोर्डमुळे. आरपीएमचं मीटर स्वच्छ करायला काढलं तर त्याच्या पाठीला केबलची जागाच नाही, फक्त तारा. तीन बेअरिंगच्या गाड्यांत हे मीटर यांत्रिक असतं, कॅमशाफ्टवरून निघालेली केबल त्याला फिरवते. पाच बेअरिंगचं इंजिन आलं तेव्हाच मीटर इलेक्ट्रॉनिक झालं. मे १९६४ च्या गाडीत तारांचं मीटर असायला नको. आधी वाटलं, मीटर कोणीतरी बदललं असेल, साठ वर्षांत काय काय बदलतं. म्हणून हातात बॅटरी घेऊन ब्लॉकच्या मागच्या भागात केबलचं ड्राइव्ह शोधलं. सगळीकडून बघितलं, बोट फिरवून बघितलं. ड्राइव्ह नव्हतं.

मग परत पट्टीकडे आलो. तिचे दोन रिव्हेट भिंगातून बघितले. दोन्हींच्या मधोमध बारीक भोक होतं. म्हणजे पॉप रिव्हेट, रिव्हेट गनने मारलेले. कारखान्यातून आलेल्या पट्टीवर असे रिव्हेट नसतात. पट्टीची कड किंचित उचलून पाहिली, तर खाली ब्लॉकवर जो काळा रंग आहे तोच होता. एका कोपऱ्यात ब्लेडने खरवडलं तेव्हा काळ्याखाली मरून लागला. मरून हा १९७१ च्या आधीच्या एमजीबी इंजिनांचा रंग, काळा नंतरच्या १८व्ही चा. पण रंगावर मी फार विसंबत नाही, आणि तुम्हीही विसंबू नका. पट्टी निव्वळ रंगकामासाठी काढून परत लावली असेल, इथपर्यंतच हे पुरावे नेतात.

हेडनेही (ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागानेही) मदत केली नाही. टॅपेट कव्हर काढून वरचा कास्टिंग नंबर (ओतकामातच उठवलेला) वाचला: १२एच९०६. सुरुवातीच्या एमजीबीचा बरोबर हेड. पण हाच हेड १८जी, १८जीए आणि १८जीबी या तिन्हींवर येत होता, आणि हेड चार तासांत बदलता येतं. हेडवरून इंजिन ओळखायचा प्रयत्न करणाऱ्यांना मी हे कायम सांगत आलोय.

उरला एकच खात्रीचा मार्ग. इंजिन स्टँडवर उलटं केलं, आधी उरलेलं तेल गाळून घेतलं आणि ऑइल चेंबरचे (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचे) बोल्ट सोडवायला बसलो. चेंबर गॅस्केटला घट्ट धरून होता. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटला तर पत्रा वाकतो आणि मग तेल कायम पाझरतं, म्हणून लाकडी ठोकळा लावून चारही बाजूंनी हळूहळू ठोकत राहिलो. शेवटी 'चक्' असा आवाज होऊन तो सुटला. तळाशी काळा गाळ, जळक्या तेलाचा वास. तेलाच्या पंपाची जाळी काढली आणि कपड्याने मधला भाग पुसत गेलो.

पुढची मेन कॅप, म्हणजे मेन बेअरिंगला धरून ठेवणारं झाकण. मग पहिल्या आणि दुसऱ्या सिलेंडरच्या मध्ये एक. तीन बेअरिंगच्या इंजिनात तिथे काही नसतं, दोन कनेक्टिंग रॉड लागून असतात. तिथे कॅप दिसली तेव्हाच उत्तर मिळालं होतं, तरी पुसत राहिलो. मधली. मग तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. मागची. पाच.

पट्टी १८जीए ची, ब्लॉक १८जीए चा नाही.

आधीच्या मालकांना फोन केला. ते वयाने मोठे, गाडीवर जीव असलेले गृहस्थ आहेत. "अहो, मी घेतली तेव्हापासून हे इंजिन असंच आहे. तो नंबर कागदाशी जुळतो म्हणून मी कधी खाली बघितलंच नाही," म्हणाले. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. कधीतरी मूळ ब्लॉक गेला असणार, कोणा मेकॅनिकने चालू इंजिन बसवलं आणि नोंदणीच्या कागदांत गडबड नको म्हणून जुनी पट्टी नव्यावर चढवली असणार. फसवायचा हेतू असेलच असं नाही. पण त्या पट्टीमुळे पुढच्या प्रत्येकाची समजूत चुकली, माझीही. जॅग्वारच्या एक्सके सारख्या इंजिनात नंबर थेट ब्लॉकवर ठोकलेला असतो, तिथे निदान खोडाखोड दिसते. एमजीबीत दोन रिव्हेट काढले की नंबर खिशात घालून फिरता येतं. म्हणून विकत घेण्याआधी आरपीएमच्या मीटरची पाठ आणि ब्लॉकची मागची बाजू बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मी ते पट्टी पुसण्याआधी करायला हवं होतं.

आता काय करायचं ते ठरवलंय. ब्लॉक चांगला आहे, सिलेंडरच्या कडेला बोट अडकेल अशी धार नाही, तेव्हा गाडी याच इंजिनावर चालेल आणि इलेक्ट्रॉनिक मीटरही राहील. पट्टी मात्र परत ब्लॉकवर चढवणार नाही. दोन्ही रिव्हेट ड्रिलने काढले, पट्टी पाकिटात घालून सर्टिफिकेटबरोबर फाइलमध्ये ठेवली, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं: "इंजिन पाच बेअरिंगचं, मूळचं नाही. पट्टी दुसऱ्या ब्लॉकवरून आलेली." पुढे कधी तीन बेअरिंगचा ब्लॉक मिळाला तर नक्की घेईन, पण ही पट्टी त्यावरही लागणार नाही, कारण तोही या गाडीचा नसेल.

काल संध्याकाळी मेन कॅपवर पुढून मागे खडूने एक ते पाच आकडे घातले. या रविवारी एकेक कॅप उघडून जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने मोजायला घेतोय, मापं पुढच्या नोंदीत देतो.