गाव बदललं आणि गाड्या थांबल्या

ऑगस्ट २०२४ मधला शेवटचा शुक्रवार. महिनाअखेर, त्यात आठवड्यावर गणपती आलेले, म्हणजे डिस्पॅचला श्वास घ्यायलाही फुरसत नाही असे दिवस. मी तळेगावहून चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्याकडे निघालो होतो (तिथले कॉम्प्युटर माझ्याकडे) तेवढ्यात, सात वाजून दहा मिनिटांनी, डिस्पॅचच्या काकांचा फोन आला. "सर, लेबलचं सॉफ्टवेअर चालू होईना. दोन्ही मशीनवर तेच. गेटवर नऊ गाड्या लागल्यात."

बाहेरच्या माणसाला वाटेल, लेबल ते काय! पण आमच्याकडे पार्टच्या प्रत्येक बिनला, म्हणजे खोक्याला, ग्राहकाने ठरवून दिलेल्या नमुन्याचं बारकोड लेबल लागतं. ते नसेल तर माल त्यांच्या गेटच्या आत जात नाही. ई-इनव्हॉइस झालेलं असो, ई-वे बिल निघालेलं असो, गाडी परत. आणि गाड्यांच्या कारखान्यात साठा ठेवत नाहीत, तासाचा माल तासाला लागतो. आमची गाडी उशिरा पोचली तर तिकडची लाइन थांबण्याची भीती असते, आणि त्याची डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, आमच्या नावाने निघते.

हे लेबलचं सॉफ्टवेअर एका लहानशा स्थानिक कंपनीने बनवलेलं आहे. बारा माणसांची कंपनी, काम चोख. मायक्रोसॉफ्टच्या क्लिकवन्स पद्धतीने ते बसतं. म्हणजे उघडताना ते स्वतःच सर्व्हरला विचारतं, नवीन आवृत्ती आहे का, आणि असेल तर उतरवून घेतं. अ‍ॅडमिन पासवर्ड लागत नाही, कारण ते प्रोग्राम फाइल्समध्ये न बसता त्या युझरच्या प्रोफाइलमध्ये बसतं. गुरुवारी रात्री उशिरा त्यांनी नवीन आवृत्ती टाकली होती, तीही सक्तीची. ग्राहकाने लेबलचा नमुना बदलला होता, म्हणून.

पोचलो तेव्हा पडद्यावर एकच वाक्य होतं. अ‍ॅप्लिकेशन सुरू होऊ शकत नाही, विक्रेत्याशी संपर्क साधा. या वाक्याने माझी पहिली दोन तास दिशाभूल केली, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. खाली 'डीटेल्स' असं एक बटण असतं. ते मी दाबायला हवं होतं. पण महिन्याभरापूर्वीच आमच्या प्रॉक्सीवर, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवर बसवलेल्या सर्व्हरवर, एसएसएल तपासणी सुरू झाली होती, आणि तेव्हापासून अर्धी अपडेट्स तिथेच अडकत होती. प्रॉक्सी मध्ये बसून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करते, आणि सॉफ्टवेअर म्हणतं, तुला मी ओळखत नाही. हेही तेच असणार, असं मी बघण्याआधीच ठरवून टाकलं. नेटवर्कच्या मुलाला उठवलं, प्रॉक्सीतून तो पत्ता वगळायला लावला. फरक शून्य. मग अर्धवट उतरलेली आवृत्ती असेल म्हणून दोन्ही मशीनवरचा क्लिकवन्सचा फोल्डर उडवला आणि पुन्हा बसवायला घेतलं. जुनी आवृत्तीही त्याच फोल्डरमध्ये होती. ती गेली.

दरम्यान प्रॉडक्शनचे एक साहेब केबिनमध्ये डोकावून गेले. "रात्री कोणी पेनड्राइव्ह लावला असेल, बघा," म्हणाले, काकांकडे बघत. काका काही बोलले नाहीत. बावीस वर्षं हा माणूस डिस्पॅच सांभाळतोय. काही बंद पडलं की पहिला संशय कीबोर्डसमोर बसलेल्या माणसावर घ्यायचा, ही आपल्याकडची सवय आहे, आणि ती चीड आणणारी आहे. त्या दिवशी मीही काकांच्या बाजूने तोंड उघडलं नाही.

नऊच्या सुमारास विक्रेत्याला फोन लावला. "बाकी सगळ्यांकडे चालू आहे, सर." या वाक्यावर आमच्या धंद्यात सगळेच चिडतात, पण ते नीट ऐकलं तर त्यात माहिती असते. बाकी सगळ्यांकडे चालतं, म्हणजे आमच्याकडे काहीतरी वेगळं आहे. तेव्हा कुठे मी 'डीटेल्स' दाबलं. लांबलचक मजकुराच्या मधोमध एक ओळ होती: हा प्रोग्राम ग्रुप पॉलिसीने अडवला आहे.

ग्रुप पॉलिसी म्हणजे कंपनीने सगळ्या मशीनला एकाच ठिकाणाहून लावलेले नियम. त्यात आमच्याकडे अ‍ॅपलॉकर आहे, कुठले प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजची सोय. विंडोजच्या आणि प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमधलं चालतं, बाकी कुठलंही काही चालवायचं तर त्यासाठी नियम हवा. नियम तीन प्रकारांनी करता येतो: फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून, फाइलच्या हॅशवरून, म्हणजे तिच्या ठशावरून, किंवा तिच्यावर कोणाची डिजिटल सही आहे त्यावरून. क्लिकवन्सच्या फोल्डरांची नावं अक्षरं-आकड्यांची वाटेल तशी जुळवलेली असतात आणि प्रत्येक आवृत्तीला बदलतात, शिवाय तो फोल्डर युझरच्या हातातला, म्हणून फोल्डरचा नियम करणं चूक. हॅशचा नियम पुढच्या अपडेटला मरतो. राहिली सही. २०२१ मध्ये हे सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा सहीचा नियम मीच तयार केला होता. नियम बनवताना पडद्यावर एक सरकपट्टी असते: फक्त या फाइलची ही आवृत्ती चालू दे, की या फाइलची कुठलीही, की या उत्पादनाचं काहीही, की या प्रकाशकाचं काहीही. मी ती प्रकाशकापर्यंत वर नेली होती. म्हटलं, आता अपडेट कितीही येऊ देत.

अ‍ॅपलॉकरची नोंद नेहमीच्या 'अ‍ॅप्लिकेशन' किंवा 'सिस्टिम' लॉगमध्ये येत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये खाली मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग अ‍ॅपलॉकर असं खोल उतरावं लागतं. तिथे ८००४ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती, पहिली सकाळी सहा अठ्ठेचाळीसची. ८००४ म्हणजे अडवलं. सही आहे, खरी आहे, कंपनी तीच आहे, तरी अडवलं.

मी नोटपॅड उघडलं. आमच्या नियमातली प्रकाशकाची ओळ वर चिकटवली, नवीन फाइलवरच्या सहीची ओळ खाली. या ओळीत चार गोष्टी असतात. ओ म्हणजे संस्था, एल म्हणजे गाव, एस म्हणजे राज्य, सी म्हणजे देश. संस्था तीच, अक्षर न् अक्षर. महाराष्ट्र तोच, भारत तोच. वरच्या ओळीत एलपुढे पुणे होतं, खालच्या ओळीत पिंपरी-चिंचवड.

मी ते तीनदा वाचलं. बारा माणसांच्या त्या कंपनीने एप्रिलमध्ये पुण्यातलं ऑफिस सोडून भोसरीला गाळा घेतला होता. त्यांचं सही करायचं जुनं सर्टिफिकेट तीन वर्षांनी संपलं. जून २०२३ पासून अशा सर्टिफिकेटची किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये ठेवणं सक्तीचं झालंय, म्हणून नवीन टोकन आलं, नव्याने कागदपत्रं तपासली गेली, आणि नव्या पत्त्याचं गाव सर्टिफिकेटवर चढलं. कोणाची काहीच चूक नव्हती. अ‍ॅपलॉकर मात्र ती पूर्ण ओळ जशीच्या तशी जुळवतो. आम्ही कंपनीला ओळखतो म्हणत होतो, पण खरं तर पत्त्यासकट ओळखत होतो.

नऊ चाळीसला बंगळुरूच्या सिक्युरिटी टीमला फोन लावला. पॉलिसी त्यांच्या ताब्यात. १९ जुलैला जगभरात एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली होती, त्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. तेव्हापासून आमच्याकडे पॉलिसीतला कुठलाही बदल दोन मंजुऱ्यांशिवाय होत नव्हता. तिकडच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, नवीन सही खरंच त्यांची आहे हे मी स्वतः खात्री करून घेणार.

"मॅडम, गेटवर गाड्या उभ्या आहेत."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे त्या मशीनचा लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड होता. अ‍ॅपलॉकर ज्या सर्व्हिसवर चालतो ती बंद करता येते. पाच मिनिटांचं काम, आणि संध्याकाळी पुन्हा चालू केली तर कोणाला कळलंही नसतं. हात कीबोर्डपर्यंत गेला होता, हे मी लपवत नाही. थांबलो ते एका जुन्या दिवसामुळे. जून २०१७ मध्ये मी उरणजवळ एका कंटेनर यार्डात कामाला होतो. नोटपेट्या नावाच्या व्हायरसने न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं, तेव्हा रस्त्यावर लागलेल्या ट्रेलरच्या रांगा मी पाहिल्यात. ते विष मुळात पसरलं होतं युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ओळखीच्या कंपनीचं, रोजचं, विश्वासाचं अपडेट. सही नवी, गाव नवं, आणि सक्तीचं अपडेट रात्री उशिरा आलेलं. बंगळुरूहून बघणाऱ्याला हे अगदी तसंच दिसणार, हे मला मान्य करावंच लागलं.

मॅडमनी विक्रेत्याला फोन केला तो त्यांच्या मेलमधल्या नंबरवर नाही, तीन वर्षांपूर्वीच्या करारावरच्या नंबरवर. तो पुण्याच्या जुन्या ऑफिसचा लँडलाइन, बंद. मग मालकांचा मोबाइल पर्चेसकडून घेतला, त्यांच्याकडून नव्या सर्टिफिकेटचा क्रमांक तोंडी वाचून घेतला आणि फाइलवरच्या क्रमांकाशी ताडून बघितला. मला तेव्हा एकेक मिनिट जड जात होतं. आज वाटतं, त्या दिवशी आपलं काम सगळ्यात नीट कोणी केलं असेल तर त्या मॅडमनी.

मधल्या वेळात वाट काढली ती काकांनी. अकराच्या सुमारास ते म्हणाले, "सर, मागे तयार मालाच्या स्टोअरचं मशीन सेकंड शिफ्टलाच उघडतं. ते सकाळपासून बंदच आहे. त्याच्यावर जुनं असेल ना?"

असणारच होतं. फक्त ते चालू करताना सर्व्हरपर्यंत पोचता कामा नये. सर्व्हर सापडला नाही की क्लिकवन्स गपचूप आहे ती आवृत्ती उघडतो. नेटवर्कच्या मुलाला सांगून विक्रेत्याच्या अपडेट सर्व्हरचा पत्ता फायरवॉलवर अडवला. सकाळी तोच पत्ता आम्ही मोकळा करून घेतला होता. मशीन चालू केलं, जुनी आवृत्ती उघडली. ज्या ग्राहकाचा नमुना बदलला होता त्याच्या दोन गाड्या सोडून बाकी सात गाड्यांची लेबलं जुन्यावर निघणार होती. प्रिंटर तिथे एकच. काका स्वतः बसले. बाराला पाच कमी असताना पहिली गाडी गेटबाहेर पडली.

एक वाजून दहा मिनिटांनी बंगळुरूहून हॅशचा तात्पुरता नियम आला. तेवढी एक फाइल चालेल, दुसरं काही नाही. ग्रुप पॉलिसी आपणहून दीड-दोन तासांनी मशीनपर्यंत पोचते. मी थांबलो नाही, दोन्ही मशीनवर हाताने ओढून घेतली. सोमवारी सहीचा दुसरा नियम झाला, पिंपरी-चिंचवडचा. शेवटची गाडी चार वीसला सुटली. तिचा ड्रायव्हर संगमनेरचा, सकाळी सहापासून गेटवर होता. दुपारची परतीची खेप गेली म्हणाला. "तुमचं काय बिघडलं होतं, साहेब?" त्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

नंतर एक गोष्ट कळली. पत्ता बदलल्याचं पत्र विक्रेत्याने आम्हाला मे महिन्यातच पाठवलं होतं. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. अकाउंट्सने ते व्यवस्थित फाइलला लावलं, व्हेंडर मास्टरमध्ये पत्ता बदलला, जीएसटीचा तपशील ताडला. त्यांनी आपलं काम केलं. त्या पत्राचा आमच्या कॉम्प्युटरच्या नियमांशी काही संबंध असेल, हे त्यांना कोण सांगणार होतं? मलाही माहीत नव्हतं. नियम केला तेव्हा ओळीतलं गाव मी पाहिलं होतं, आणि ते कधी बदलू शकतं हा विचार मनाला शिवला नव्हता.

आणि ज्यासाठी हे लिहायला बसलो ते असं. टिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, बंद करताना कारण निवडावं लागतं. यादीत चारच आहेत: हार्डवेअर, नेटवर्क, युझर, व्हेंडर. 'आमचा नियम' असा पर्याय नाही. युझर मी निवडणार नव्हतोच, काकांचा चेहरा डोळ्यांसमोर होता. हार्डवेअर नव्हतं, नेटवर्क नव्हतं. रात्रीचे साडेआठ झाले होते. मी व्हेंडर निवडलं आणि घरी गेलो.

मार्चमध्ये पर्चेसचं वार्षिक मूल्यमापन झालं. त्यात टिकिटं मोजतात. त्या कंपनीची श्रेणी अ वरून ब झाली. मालकांचा मला फोन आला. आवाजात तक्रार नव्हती. "सर, त्या दिवशी आमच्याकडून नेमकं काय चुकलं होतं? म्हणजे पुढच्या वेळी काळजी घेता येईल."

मी पर्चेसला सविस्तर मेल लिहिला, ८००४ ची नोंद आणि त्या दोन ओळी जोडून. उत्तर आलं की बंद झालेलं टिकीट ३० दिवसांनंतर उघडता येत नाही. मी दुसरा मेल लिहिला आहे, या वेळी आमच्या साहेबांना आणि बंगळुरूच्या मॅडमना सीसीमध्ये ठेवून. मॅडमनी त्याच दिवशी त्यावर 'मी सहमत आहे' एवढं लिहून पाठवलं. पर्चेसचं उत्तर अजून यायचं आहे.