सपाट ठेवलं की बरोबर, कललं की चूक: एमपीयू-९२५० चं होकायंत्र

एमपीयू-९२५० या सेन्सर चिपमध्ये जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा), अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण आणि गुरुत्व मोजणारा) आणि मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा, म्हणजेच होकायंत्र) असे तिन्ही असतात. कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे त्यांच्या वाचनांतली चूक काढताना, जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर लगेच उरकले. जायरोसाठी बोर्ड काही सेकंद अजिबात न हलवता ठेवायचा आणि वाचनांची सरासरी वजा करायची. अ‍ॅक्सेलरोमीटरसाठी तो सहाही बाजूंवर टेकवायचा. प्रत्येक अक्षावरच्या कमाल आणि किमान वाचनांची बेरीज करून ती निम्मी केली की ऑफसेट, म्हणजे वाचनातून वजा करायची कायमची चूक, मिळतो.

खरा वेळ खाल्ला मॅग्नेटोमीटरने. बोर्ड सगळ्या दिशांना फिरवून वाचनं घेतली, त्या बिंदूंवर एलिप्सॉइड (दबलेल्या गोलासारखा आकार) बसवला, ऑफसेट आणि ताणलेला आकार सरळ करणारं ३×३ मॅट्रिक्स लावल्यावर छान गोल आला. तरी बोर्ड जरा कलला की दिशा भरकटायची. पुन्हा वाचनं, पुन्हा तोच सुंदर गोल, पुन्हा तीच चूक.

कारण कॅलिब्रेशनमध्ये नव्हतंच. या चिपमध्ये मॅग्नेटोमीटर ही एके८९६३ नावाची वेगळी चकती (सिलिकॉनचा वेगळा तुकडा) आहे आणि तिचे अक्ष वेगळे आहेत: तिचा एक्स म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटरचा वाय, तिचा वाय म्हणजे एक्स, आणि झेड उलटा. अक्षांची अदलाबदल झाली तरी गोल हा गोलच राहतो, म्हणून कितीही वेळा फिट तपासला तरी ही चूक दिसत नाही. चिन्ह उलटं करून आणि ९० अंशांचा फरक भरून काढून सपाट टेबलावर उत्तर बरोबर आणता येतं. हा उपाय कृपा करून करू नका. कललं की तो उघडा पडतो. फक्त एक्स-वाय बदलून झेड तसाच ठेवणंही चूकच, त्याने डावं-उजवं फिरतं.

ही चूक पकडायची खात्रीची चाचणी एकच. गुरुत्व आणि चुंबकीय क्षेत्र या दोन्ही वाचनांची लांबी १ करून त्यांचा डॉट प्रॉडक्ट (एक्स, वाय, झेड या जोड्यांच्या गुणाकारांची बेरीज) छापत राहा. बोर्ड कसाही धरला तरी तो तोच राहायला हवा, कारण त्या दोन दिशांमधला कोन बोर्डवर अवलंबून नसतो. क्षेत्र क्षितिजाखाली ३० अंश असेल, तर उत्तर उणे ०.५; उणे, कारण स्थिर अ‍ॅक्सेलरोमीटरचं वाचन वरच्या दिशेला असतं. माझ्यासारखे अक्ष चुकले असतील, तर सपाट ठेवल्यावर अधिक ०.५ येतं आणि कडेवर उभा करून फिरवला की आकडा हेलकावे खातो. अक्ष जुळवले आणि तो जागच्या जागी थांबला, तेव्हा कुठे हायसं वाटलं.

हे आधीच सांगायला हवं होतं: मॅग्नेटोमीटरच्या प्रत्येक वाचनानंतर त्याचं एसटी२ रजिस्टर (स्थिती सांगणारी नोंद) वाचा, नाहीतर आकडे गोठतात. बोर्ड, स्क्रू, बॅटरी सगळं पेटीत बसवल्यावरच कॅलिब्रेशन करा. आणि वायरी जपा: १ सेंटीमीटरवरच्या सरळ वायरीतला १ अँपिअर प्रवाह २० मायक्रोटेस्ला क्षेत्र निर्माण करतो, तर पृथ्वीचं क्षेत्रच साधारण २५ ते ६५. प्रवाह बदलला की हे क्षेत्रही बदलतं, म्हणून ते कॅलिब्रेशनने जात नाही. जाणारी-येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन न्या. खरी उत्तर हवी असेल, तर चुंबकीय दिक्पात (चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) सगळ्यात शेवटी आलेल्या दिशेत मिळवा.